एकशे साठ फुटांवर

उड्या मारणारे सगळ्यांच्या लक्षात आहेत.
मी मोजणाऱ्यांतली.

उताराच्या कडेने आम्ही तेवीस जण उभे असायचो,
दर पाच फुटांवर एक,
पायांत बापाचे बूट, बुटांत कोंबलेलं वर्तमानपत्र.
वरून माणूस यायचा, बर्फाला टेकायचा,
आणि ज्याच्यासमोर टेकला
त्यानं हात वर करायचा.
एवढंच काम.
पंच खालून ओरडायचा, "किती?"
मी ओरडायचे, "एकशे साठ!"
अकरा वर्षांच्या पोरीचा शब्द,
पण अख्खं गाव तो मानायचं.

तांब्याच्या खाणीचं गाव, मोठ्या सरोवराच्या अंगाला.
तीन नंबरची खाण आधीच बसली होती.
तिच्या तोंडावरचा लोखंडी सांगाडा फुकटात मिळाला,
आणि फिनलंडहून आलेल्या आमच्या आजोबांनी
तो खोलून, बैलगाडीएवढ्या घसरगाड्यांवर लादून,
टेकडीच्या माथ्यावर पुन्हा उभा केला.
माणसं खाली सोडणारं लोखंड
आता माणसं हवेत फेकू लागलं.
हे मला आज सुचतंय.
तेव्हा एवढंच कळायचं की वारा सुटला की तो करकरतो.

त्या रविवारी टाउनो हाकाला
रात्रपाळी करून आला, न झोपता.
सोमवारी कोणाकोणाची नावं फलकावर लागणार
हे बायकांना आधीच कळलं होतं.
तो कड्यावरून सुटला, पुढे झुकला,
नाक जवळजवळ स्कीच्या टोकाला,
आणि इतका वेळ खाली आलाच नाही
की कुणाच्या तरी हातातला कॉफीचा पेला कलंडला.

मग टेकला.
माझ्या बुटांसमोर. बर्फातली खूण मी पाहिली.
पण हात वर गेला तो सुलोचा,
माझ्या पलीकडे, एकशे पासष्टवर.
पंच ओरडला, "किती?"
माझे हात खिशात होते.
खिशात एक भोक होतं, त्यात मी बोट घालून ठेवलं.

टेकडीवरचा विक्रम. घंटा वाजली, टोप्या उडाल्या.
सोमवारी फलकावर तिसरं नाव त्याचं होतं.

पुढचं सांगण्यासारखं नाही.
दोन हिवाळे बर्फ कमी पडला, तो ट्रकने आणला.
विमा कंपनीचा माणूस आला, पहिल्याच पायरीवरून परतला.
क्लबची वर्गणी भरणारे सात उरले, मग चार.
एका उन्हाळ्यात भंगारवाल्यानं मनोरा कापून नेला,
काँक्रीटचे पाय तेवढे ठेवले, ते निघेनात.

आता उतारावर भूर्ज उगवलेत.
हमरस्त्यावरून पाहिलं तर काळ्या पाइनमध्ये
एक फिकट पट्टा दिसतो, वरून खाली सरळ.
नवखे विचारतात, इथे वणवा लागला होता का?

विक्रमाची पाटी हार्डवेअरच्या दुकानात लटकते,
रंगांच्या डब्यांच्या वर: टा. हाकाला, १६५.
परवा एका पोरानं मोबाइलवर काहीतरी हिशेब केला,
म्हणाला, आजी, एवढ्याशा टेकडीवरून
इतकं लांब जाणं अवघडच वाटतं.

मी म्हटलं, मी तिथे उभी होते.