टाकांमधलं नाणं

रंगामामा कोइमतूरची गलाई मोडून विट्याला आला
तेव्हा ट्रंकेत एक फुटकी मूस,
दोन वह्याभर बुडालेली उधारी
आणि हे.
"आटवायला आणलेलं. हात धजला नाही," एवढंच म्हणाला.

मामीनं ते देव्हाऱ्यात टाकांच्या रांगेत बसवलं,
खंडोबाच्या डाव्या अंगाला.
अकरा वर्षं
एका रोमन राजाच्या कपाळाला कुंकू लागलं,
अक्षरांच्या खाचांत हळद मुरली.

रविवारी मी भिंग घेऊन बसले, मांडीवर पुस्तक.
पुढं राजा: डोक्याला पानांची माळ, मान ताठ, नाक झिजलेलं.
मागं दोन पोरं, पायघोळ वस्त्रातली,
मधे दोन ढाली, दोन भाले.
"वाटणीला उभे राहिलेले भाऊ," मामा म्हणाला.
(त्याची आणि धाकट्याची तारीख पुढच्या मंगळवारी.)
"लव-कुश," मामी आतून.

म्हाताऱ्याचे नातू ते, मी वाचून दाखवलं.
पुढं गादी त्यांचीच, म्हणून चांदीवर उमटवले.
दोघंही त्याच्याआधी गेले.
नाणी मात्र पडत राहिली,
गलबतं भरभरून इकडं येत राहिली, मिऱ्यांच्या मोलानं,
गेलेली पोरं, अजून वारस म्हणून.

आत भाकरीचा आवाज थांबला.
मामी हात पुसत आली, भिंगात डोकावली,
ढालींच्या वर बोट ठेवलं: "ही तर पळी."

पुस्तकात तेच होतं. पूजेची पळी.
मला तिथवर पोचायला तीन पानं लागली होती.

"आणि ही शेजारची आकडी," मामा म्हणाला,
"शेरडांना बाभळीच्या शेंगा पाडायची."
तिथं चुकला. ती शकुन बघणाऱ्याची काठी,
आभाळाचे वाटे पाडणारी.
तसा फार चुकला नाही.

राहिला राजाच्या गालावरचा आडवा घाव.
त्याबद्दल पुस्तक गप्प.
"कुणा वैऱ्यानं केला असेल," मी म्हणाले.

मामानं माझ्याकडं असं बघितलं
जसं पितळ घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाकडं बघत असेल.
"छिन्नी आहे ती.
आत तांबं आहे का बघितलंय. आमच्यातलाच कोणीतरी.
राजा असू दे नायतर देव,
चीर दिल्याबिगर तोंडावर जायचं नसतं."

मग अंगठ्याचं नख त्या चिरेत घातलं,
सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत नेलं.

"डावखुरा होता," म्हणाला.
"आणि दुपारची वेळ. हात जड पडलाय."