दोन टोले

लोतामध्ये, टेकडीवरच्या वाचनालयात
दर मंगळवारी तीन वाजता
आम्ही सहा म्हातारे आणि एक ओफेलिया
(तिला म्हातारी म्हटलेलं चालत नाही)
पडद्यांसमोर बसतो,
फोटोवाल्यानं बसवल्यासारखे.

पेन्शनचा कागद आता कागदावर मिळत नाही.
आधी खिडकीमागचा माणूस गेला,
मग खिडकीच गेली.
उरला एक पत्ता, तोही असा
की पोस्टमनच्या बापालाही सापडू नये.

शिकवणारी यास्ना, वय एकोणीस.
"डॉन एलेउतेरियो, माउस धरा."
धरला. साबणाच्या झिजलेल्या वडीएवढा.
"एवढा आवळू नका, कुठे पळतोय तो?"
एकतीस वर्षं या हातानं
समुद्राच्या बुडाखाली कोळसा फोडला, पोरी.
हळू म्हणजे किती हळू
हे त्याला कुणी शिकवलंच नाही.

खाणीत खरे उंदीर होते.
आम्ही त्यांना पावाचा कोपरा टाकायचो.
छत कुरकुरायच्या आधी
तेच पळायचे, आणि त्यांच्यामागे आम्ही.
हा मात्र मी नेईन तिकडे जातो,
टेबल संपलं की अडतो
आणि माझ्याकडे बघतो.
"उचला, परत मध्ये ठेवा."
एवढंच?
कड आली की उचलायचं, मध्ये ठेवायचं?
हे कुणी तिशीत सांगितलं असतं तर.

अक्षरांची तर तऱ्हाच.
कुणाच्या तरी हातून सांडलेली,
साहेब यायच्या आत
घाईघाईनं भरून ठेवलेली.
माझ्या नावाला अर्धा तास लागला.
आडनावाला पुढचा मंगळवार.

मग ते दोनदा दाबणं.
माझ्या दोन टिचक्यांच्या मध्ये
माणूस जेवून, हात धुऊन यायचा.
ओफेलिया हसली.
तिचं पहिल्या फटक्यात उघडलं होतं;
चाळीस वर्षं कणीक मळलीये तिनं.
मी डोळे मिटले.
पिंजऱ्याची घंटा आठवली.
एक टोला: थांब.
दोन टोले: माणसं आहेत, खाली सोड.
टण टण.
उघडलं.
यास्नाला वाटलं, तिनं शिकवलं.
वाटू दे.

पासवर्ड हवा म्हणे.
बायकोचं नाव दिलं.
कमकुवत, म्हणाला.
(अडेलाइदा हे ऐकायला असती
तर त्या पडद्याचं काही खरं नव्हतं.)
कुत्र्याचं दिलं. कमकुवत.
मग माझ्या पितळी बिल्ल्याचा आकडा,
त्याला जोडून दुसऱ्या एका बिल्ल्याचा,
जो संध्याकाळी फळीवरच लटकत राहिला होता.
पट्टी हिरवी झाली. मजबूत, म्हणाला.
कुणाचा, ते सांगत नाही.
पासवर्ड सांगायचा नसतो.

आणि एके दिवशी तोलेन्तिनोचं पान गेलं.
नातीला लिहीत होता, आन्तोफागास्ताला,
तीन मंगळवारांची आठ वाक्यं.
कुठलं तरी बटण लागलं आणि सगळं पांढरं.
त्यानं टोपी काढली.
आम्हीही काढल्या, सवयीनं.
यास्ना वाकली, दोन बोटांनी काहीतरी दाबलं,
आणि आठही वाक्यं
आपापल्या चुकांसकट जागेवर.

"काय केलंस?"
"शेवटचं घडलेलं मागे घेतलं."
"किती मागे जातं हे?"
"फाइल उघडली तिथपर्यंत."
तिला त्यात विशेष वाटलं नाही.
बाहेर कोण्या मुलाच्या सायकलची साखळी पडली होती,
तो तिला शिव्या देत होता.
आम्ही तेवढंच ऐकत बसलो.

पाच वाजता तिनं सगळं बंद केलं,
खुर्च्या आत सरकवल्या, दिवे मालवले.
तोलेन्तिनो अजून बसलेलाच.
काळ्या पडद्यासमोर, बंद कीबोर्डवर
ती दोन बटणं दाबत,
सोडत,
पुन्हा दाबत.

ओफेलियानं त्याचा कोट आणला.
एक बाही मी धरली.