सुट्टे पैसे

एकतीस वर्षं मी वाल्पाराइसोच्या एका टेकडीच्या पायथ्याशी
काचेमागे बसून तिकिटं दिली.
रुळांवरून एक लाकडी डबा वर जायचा, दुसरा खाली यायचा,
अर्ध्या वाटेत एकमेकांना ओलांडायचे
भांडलेल्या शेजाऱ्यांसारखे, न बघता.
मी मात्र जागच्या जागी.
चेहरे काचेवरच्या वाफेत पुसट व्हायचे,
हात सगळे पाठ:
मासळीवाल्या ओसोरियोचा, खवल्यांनी चमकणारा,
शाळकरी पोरांचा चिकट,
विधवा क्लोतिल्देचा, नाणं सोडताना किंचित रेंगाळणारा.

"सुट्टे द्या" हे आयुष्यात किती वेळा म्हणाले
आणि "बस ना जरा" किती वेळा,
हा हिशोब मांडायला आता सवड आहे.
मांडत नाही.

पहिल्या सोमवारी सवयीनं पाचला जाग आली.
बूट घातले, कडीला हात लावला,
आणि मग तशीच, बुटांसकट,
पांघरुणात परत शिरले.
उशीत तोंड खुपसून हसले एकटीच
मुरंब्याच्या बरणीत बोट घातलेल्या पोरीसारखी.

आता सकाळ माझ्याकडे बिनतिकिटाची येते.
समुद्रावरून धुकं चढतं,
आधी बंदरातल्या क्रेन गिळतं, मग गोदामं,
मग आमच्या गल्लीतला पिवळा जिना,
आणि अकराच्या सुमारास सगळं जसंच्या तसं परत करतं.

पावाच्या रांगेत मी मागच्यांना म्हणते, "व्हा तुम्ही पुढे."
एक, दोन, पाच जणांना.
बेकरीवाली आउरिस्तेला वाटतं, म्हातारी भ्रमली.
तिला कसं सांगू,
उशीर होणं ही किती चैनीची गोष्ट आहे
जेव्हा कुठेच पोचायचं नसतं.

पेन्शन एवढीशी. विसाव्या तारखेपर्यंत
संध्याकाळच्या चहासोबत पाव आणि अवोकाडो,
त्यानंतर चहासोबत पाव.
गुडघे कुरकुरतात.
कुरकुरू देत, त्यांनाही इतक्या वर्षांनी
बोलायला फुरसत मिळाली.

दुपारी जिन्याच्या सहाव्या पायरीवर बसते.
गल्लीतलं मालक नसलेलं कुत्रं शेजारी येऊन टेकतं,
आम्ही त्याला मंत्री म्हणतो, कारण काही करत नाही.
दोघं मिळून जहाजं बघतो.
कुठलं कुठे चाललंय, विचारत नाही.
कधी तिथेच डुलकी लागते,
तोंड उघडं,
आणि कोणी हटकत नाही.

काल मात्र डोक्यात आलं,
आपण कधी भर दुपारी, उतारू म्हणून, वर गेलोच नाही.
केस विंचरले. चांगला स्वेटर घातला.
काचेमागे नवा पोरगा, कानात काहीतरी खुपसलेलं.
मी मोठी नोट सरकवली.
मान वर न करता तो म्हणाला,
"सुट्टे द्या."

काय सांगू, किती गोड वाटलं.
"नाहीत रे बाबा," मी म्हटलं,
आणि पर्सचा एकेक कप्पा निवांत उघडून दाखवला,
चष्म्याचा, औषधांचा, जुन्या पावत्यांचा.
मागे कोणीतरी उसासा टाकला.
पोरगा गल्ल्यात खडखडाट करून
मोड जमवत राहिला, तोंडातल्या तोंडात पुटपुटत.
हे पुटपुटणंही माझ्या ओळखीचं.

डबा हलला. मध्यावर दुसरा डबा आला,
त्यातल्या एका मुलानं जीभ काढून दाखवली.
मीही काढली.
वर पोचले तर माझंच छप्पर खाली दिसलं,
दोरीवर माझा निळा गाऊन वाऱ्यानं फुगलेला,
जणू माझ्याआधीच कोणी माझ्यातून निघून
फिरायला चाललंय.

थोडा वेळ उभी राहिले. कशासाठी नाही, अशीच.
मग खाली आले जिन्यानं, पायऱ्या न मोजता.
प्रत्येक पायरीला
स्वेटरच्या खिशात नाणी वाजत होती.
होतीच की मघापासून.