हत्ती

झुगदिदीत वीज जाते तेव्हा आधी कुत्री गप्प होतात,
मग माझ्या दुकानातले पंखे.
परत आली की मी पुन्हा पहिल्या स्क्रूपासून सुरू करते.

ओतिया आला तो कॅबिनेट हातगाडीवर बांधून,
वर गोधडी, आजारी माणूस आणावा तसं.
"समुद्र दिसत नाही," म्हणाला.
"विमान उडतं. पण खाली नुसते हिरवे चौकोन,
आणि चौकोन संपले की निळी फरशी.
मला ओचामचिरे नीट बघायचंय."

ओचामचिरे. एंगुरीचा पूल ओलांडला की गाडीनं तासाभराचं.
एकतीस वर्षं झाली, पुलावर त्याचा कागद चालत नाही.

बाजू उघडली. आत नऊ वर्षांची धूळ,
मांजराचे केस, सूर्यफुलाच्या बीचं एक टरफल.
लोखंडी नळाला हात लावून मी अंगातली वीज उतरवली.
हे मी गिऱ्हाइकासमोर सावकाश करते,
त्यांना वाटतं देवाचं नाव घेतलं.
जुनं कार्ड काढताना खाचेचा खटका दाबला
तर खटकाच तुटला.
प्लास्टिकचेही सांधे धरतात.

नवं कार्ड नवं नव्हतं.
मेस्तियाहून मुर्झा आणतो, पोत्यातून, बटाट्यांसारखी.
वर डोंगरात फुकटच्या विजेवर ती दोन हिवाळे
रात्रंदिवस नाणी खणत होती,
कुणी हातात न घेतलेली नाणी.
मग गावानं संताच्या तसबिरीसमोर शपथ घेतली, यंत्रं थांबली,
आणि ही कार्डं बेकार मजुरांसारखी खाली उतरली.
सुकलेली पेस्ट मी खरवडली, वाटाण्याएवढी नवी लावली.

लांबी जास्त निघाली. हार्डडिस्कचा पिंजरा काढला.
पॉवर सप्लायही बदलावा लागेल म्हटल्यावर
त्यानं खिशातले लारी मोजले, थांबला, पुन्हा मोजले.
मी माझ्याकडचा जुना बसवला. पैशाचं नंतर बघू.
नंतर म्हणजे कधी, हे आमच्याकडे कुणी विचारत नाही.

कार्ड खाचेत बसलं. तो आवाज
मला अजून आवडतो, बावीस वर्षं ऐकूनही.
पण जड होतं, एका बाजूला कललं.
ओतियानं कोटाच्या खिशातून काढला
बुद्धिबळातला हत्ती, पांढरा, एक कंगोरा गेलेला.
"बाकीचा पट तिकडेच राहिला."
हत्ती कार्डाखाली बरोब्बर मावला.

सुरू केलं. पडदा काळा.
तो माझ्याकडे बघतोय, मी पडद्याकडे.
मग कळलं, केबल मी जुन्याच भोकात खोचली होती.
हे कुणाला सांगू नका.

आणि समुद्र आला.
लाटा, लाटांवर ऊन, धक्क्याचे खांब,
निलगिरीचं पान न् पान सुटं.
ओतिया एका हातानं विमान वळवत होता
आणि दुसऱ्यानं टोपी धरून होता.
स्टेशन गेलं, शाळा गेली, डावीकडे वळून तो खाली उतरला.
तिथं घर होतं.
लाल कौलांचं, दुमजली, खिडक्यांना पडदे.
शेजारी तसंच. त्याच्या शेजारी तसंच.
यंत्राला माहीत नसतं तिथं ते अंदाजानं घरं मांडतं,
हे सांगायला मी तोंड उघडलं आणि मिटलं.
"आधीच्या कार्डात," तो म्हणाला,
"इथं एक राखाडी ठिपका होता.
मी त्याला जिना लावला होता. दाराशी तेंदूचं झाड."

एक घिरटी. आणखी एक.
कार्डाचे पंखे चढत गेले, डोंगरातल्या रात्रींना सरावलेले.
"ढग वाढवता येतात का?"

येतात. या कार्डावर हवे तेवढे.
मी पट्टी उजवीकडे सरकवत नेली, शेवटपर्यंत.
थरावर थर चढले, आतून उजळलेले,
आणि कौलं बुडाली.
तो वरून उडत राहिला, मी शटर अर्धं ओढेपर्यंत,
बोटानं ढगात दाखवत:
इथं बेकरी. इथं आमचा जिना.
इथं, थांब, हळू, इथं माझी सायकल.

जुनं कार्ड त्यानं मागितलं नाही, मी टाकलं नाही.
टेबलावर एक स्क्रू उरलाय.
कुठला, ते आठवत नाही.