वाट माहीत नाही

वडगावात रात्री दीडला
शेजारचा माग थांबला.
चंद्रव्वा उठली, अंधारातच चाचपून
तुटला धागा बोटांत धरला.

माझ्याकडं कर्नेल पॅकेटं टाकतंय
आणि लॉगमध्ये एवढंच :
ड्रॉप. ड्रॉप. ड्रॉप.
कुठं, का – काही नाही.

भिंतीपलीकडनं ती विचारते,
"अजून काय शोधूलालास रे?"

कोडात फेकून द्यायच्या तेरा जागा,
सगळ्या मुक्या.
एकेकीला कारण लिहायला लावलं :
चेकसम चुकला.
रांग भरली.
वाट माहीत नाही.

पहाटे पहिली नोंद पडली :
वाट माहीत नाही, ओळ चारशे बारा.
सापडलं. खरं, ती ओळ माझीच,
गेल्या दिवाळीत घाईनं लिहिलेली.

माग कधीचाच चालू होता.
मला ऐकू आला नव्हता.