चहाची पैज

गोकाकच्या धबधब्याजवळ, लॉजवर
बावीस वर्षं चाव्या देतोय.
नोंदवहीत गाव वाचलं की माणूस कळतो, म्हणायचो.
पुण्याचे अर्ध्या दिवसाचं भाडं विचारणार.
गोव्याचे रिकाम्या बाटल्या पलंगाखाली सारणार.
जर्मन जोडपं झुलत्या पुलाच्या फळ्या मोजत बसणार.
मी आणि यल्लाप्पा पैज लावायचो, चहाची.
हरलेल्या पैजा आठवत नाहीत.

यंदा लेकीनं बँकॉकला नेलं.
हॉटेलात न्याहारीपाशी पाटी, फक्त हिंदीत:
फळे बाहेर नेऊ नयेत.
माझ्या खिशात दोन केळी.

काउंटरवरची पोरगी पासपोर्ट उघडायच्या आधीच हसली.
ते हसू मी ओळखतो,
बावीस वर्षं माझ्याच तोंडावर आहे.
सांगावंसं वाटलं, बाई, मी तसला नाही,
घरात मराठी बोलतो, पैसे कन्नडात मोजतो,
आम्हाला तर दोन्हीकडचे पाहुणेच समजतात की.
पण केळी खिशात ऊन झाली होती.

काल एमएच बारा गाडी दारात थांबली.
यल्लाप्पा म्हणाला, लावायची काय?
नको बे, म्हटलं.
बाई उतरल्या, पाणी प्यायल्या,
अन् अर्ध्या दिवसाचं भाडं विचारलं.
यल्लाप्पा काही बोलला नाही.
जाऊन दोन चहा सांगून आला.