पावणेबारा

जिन्सी नाल्यावर माझं झेरॉक्सचं दुकान.
फॉर्मची शेवटची रात्र, पावणेबारा.
नीलू जाटवनं काउंटरवर ओतली
दहा-दहाची नाणी
आणि पन्नासच्या दोन नोटा.
गजकच्या कारखान्यातले तीळ
अजून चिकटलेले त्यांना.

परीक्षेची फी हजार.
सहाशे चाळीस कमी.
"राहू द्या काका, पुढच्या वर्षी बघू."

पुढचं वर्ष म्हणजे काय
ते या गल्लीत मी पुष्कळदा पाहिलंय.

स्क्रीनवरची नजर न काढता म्हणालो,
"अगं, मुलींना यंदा सूट आहे की!"
आणि टाकला
माझाच ओटीपी.

पावती तिनं दोनदा वाचली.
रक्कम पूर्ण छापलेली.
ते माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

बोलली काही नाही.
फक्त शटर ओढताना
दुसऱ्या टोकाला
तिचा हात होता.